ब्रेकला दम लागतो

आमच्या सरांसमोर 'ब्रेक फेल झाला' असं म्हणायची सोय नव्हती. म्हणालात की गेलात. हातातलं काम खाली ठेवून, चष्मा कपाळावर चढवून ते विचारायचे, "फेल? कुठल्या विषयात?" समोरचा गोंधळायचा. मग सर सावकाश सांगायचे, "ब्रेक फेल होत न्हाई लेका. ब्रेकला दम लागतो. फेल होतो तो मानूस." हे वाक्य मी तीन वर्षं वर्गात ऐकलं आणि पुढे कितीतरी वर्षं माझ्या स्वतःच्या गॅरेजात. सर जाऊन आता दोन वर्षं झाली. आज माझ्याकडे कुणी ते दोन शब्द काढले तर माझाच चष्मा कपाळावर जातो आणि पोरं गालातल्या गालात हसतात. हसू देत.

सर नगरच्या एका तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवायचे. आता पाटीवर अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात नगरच येतं, त्याला इलाज नाही. वर्गात सर पुस्तकातलं शुद्ध बोलायचे आणि चिडले किंवा खूश झाले की त्यांच्या पाथर्डीकडचं. आम्हाला शुद्धपेक्षा पाथर्डीकडचंच जास्त ऐकायला मिळालं.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा चाळीस जणांना मैदानात नेलं, चुन्याची एक रेघ मारली आणि म्हणाले, "तिकडनं जोरात पळत या आणि रेघंवर थांबा." चाळीसातला एकही रेघेवर थांबला नाही. मी तर रेघ ओलांडून थेट नळाखालच्या चिखलात. पँट धुवत बसलो तेव्हा सर शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "पळायला गाढवालाबी येतं. थांबायला शिकायला तीन वर्षं लागत्यात. त्यासाठी ही शाळा हाय." इंजिन शिकवणारे दुसरे सर होते, त्यांच्या तासाला मुलं उशिरा, खिडकीतून आत यायची. आमच्या सरांच्या तासाला दारातून, वेळेवर, आणि रेघेवर.

हे सगळं त्यांच्यात वडिलांकडून आलेलं. वडील घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. सर सांगायचे, "गिऱ्हाईक बैल चालतो कसा ते बघायचं. माझा बाप म्हनायचा, थांबतो कसा ते बघ. न थांबनारा बैल घरी न्यायचा म्हंजे विहिरीला कठडा बांधून ठेवायचा."

त्यांची एक जुनी काळी सायकल होती. ब्रेकचे रबर दर दोन महिन्यांनी नवे, पण घंटी नाही. मी एकदा कौतुकानं नवी घंटी घेऊन गेलो तर ती त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि परत दिली. "घंटी वाजवनारा मानूस थांबायच्या विचारात नसतो. दुसऱ्यानं बाजूला व्हावं ह्या विचारात असतो." माळीवाड्याच्या गर्दीतून ते सायकलवर, पायी चालणाऱ्यांपेक्षा हळू जायचे. मागून बायाबापड्या पिशव्या सावरत ओरडायच्या, "ओ काका, सरका की!" सर सरकायचे.

सकाळचा पेपर ते लाल पेन घेऊन वाचायचे. 'ब्रेक फेल होऊन ट्रक उलटला' अशी बातमी दिसली की संपादकाला पोस्टकार्ड. 'महोदय, आपल्या वार्ताहराने कोणतीही चौकशी न करता ब्रेकला दोषी ठरविले आहे, हे अन्यायाचे आहे.' अशी किती कार्डं गेली असतील देव जाणे. एकदा एका पेपरानं ते पत्र छापलं. सर आनंदानं पेपर घेऊन वर्गात आले आणि मोठ्यानं वाचायला लागले, तर वर मथळा होता, 'ब्रेक फेल: एका वाचकाचे मत'. त्यानंतर आठवडाभर ते कुणाशी धड बोलले नाहीत.

माझ्या लग्नात तर कहरच. लग्न श्रीगोंद्याला, वऱ्हाडाची बस दारात उभी, बायका नटूनथटून आत बसलेल्या. सर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आले, बसच्या चाकाकडे पाहिलं आणि "पाच मिनिटं" म्हणत सरळ बसखाली शिरले. पाऊण तास बाहेर आले नाहीत. ड्रायव्हर तणतणत होता, माझे वडील घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होते. शेवटी सर बाहेर आले, पाठ काळीकुट्ट. वडिलांनी दातओठ खात विचारलं, "काय सापडलं?"

"काहीच न्हाई," सर म्हणाले. "म्हनून तर येळ लागला. सापडलं असतं तर धा मिन्टात झालं असतं."

मुहूर्त हुकला तो हुकलाच. सासरे अजून ते काढतात. पण खरं सांगू? माझ्या वऱ्हाडाच्या बसखाली माझा मास्तर चांगल्या कपड्यांत शिरला, याचा मला तेव्हाही राग आला नव्हता.

रिटायर झाल्यावर ते रोज दहा वाजता केडगावला माझ्या गॅरेजात येऊन बसायला लागले. लाकडी स्टूल, पेपर, लाल पेन. पगार घ्यायचे नाहीत, चहा दोन वेळा, बिनसाखरेचा. गिऱ्हाईक आलं की मी गाडी बघायचो आणि सर गिऱ्हाइकाचे पाय. चपलेचा तळ कुठल्या बाजूनं झिजलाय, बूट कसला घातलाय. लोकांना वाटायचं म्हातारा लाजाळू आहे, मान वर करत नाही. मी काही सांगायला जायचो नाही.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यात माझं नाक कापलं गेलं आणि तरीही जी मी दर गिऱ्हाइकाला ऐकवतो.

दिवाळी होऊन गेली होती. केडगावात एक लाल स्पोर्ट्स कार शिरली. जमिनीला टेकलेली, दोनच माणसं बसतील अशी. अख्खा रस्ता दुकानं सोडून बाहेर आला. गाडीतून उतरल्या त्या तिसगावच्या पुढच्या एका गावच्या ताई. तिशी-पस्तिशीच्या. डाळिंबाच्या रोपांची नर्सरी, परराज्यात माल जातो, सगळं स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. गाडीही स्वतःच्या कमाईची. गावात तोंडावर "वा, वा" आणि पाठीमागं "बाईच्या जातीला काय करायचीय असली गाडी" हे ठरलेलं.

ताईंनी जे सांगितलं ते असं. आठ दिवसांपूर्वी त्या नगरहून घरी निघाल्या होत्या, शेजारी वडील, म्हणजे अण्णा. करंजी घाट उतरताना तिसऱ्या वळणावर ब्रेकचं पेडल मऊ पडलं आणि पाय थेट तळाला गेला. ताईंनी गिअर खाली पाडला, दरीची बाजू सोडली आणि गाडी डोंगराकडच्या मुरमाच्या ढिगात घातली. कुणाला खरचटलंही नाही. वडील उतरले, मागून येणाऱ्या एसटीला हात केला आणि घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "गाडी इक. न्हाई इकली तर मी पुन्ना तुझ्या गाडीत बसनार न्हाई. कुठल्याच."

"मला गाडी विकायची नाही," ताई म्हणाल्या. "आणि अण्णांशिवाय चालवायचीही नाही. गाडी घेतली ती त्यांना बसवायलाच. मला सिरॅमिक ब्रेक बसवायचेत. घेताना कंपनी देत होती, मीच नको म्हणाले. आता अण्णांना सांगायचंय, यापेक्षा भारी ब्रेक जगात नाहीत म्हणून."

आमचा शकील मिस्त्री चाकाशी बसला होता. म्हणाला, "सिरॅमिक म्हंजे कपबशीचंच ना ते? मग फुटलं तर ओ?"

मी त्याला डोळ्यांनी गप केलं. असल्या गाडीला हात लावायची संधी माझ्या गॅरेजात पहिल्यांदाच आली होती, आणि बाहेर वीसेक माणसं कान टवकारून उभी. मोबाईलवर मी यावरचे किती व्हिडिओ बघितले होते त्याला गणती नाही. किंमत एका चांगल्या ट्रॅक्टरएवढी, हेही ठाऊक होतं. छाती फुगवून सांगितलं, "बसवूनच टाका ताई. विचार करायचं कामच नाही."

स्टुलावरून आवाज आला, "का?"

"सर, जास्त चांगले असतात."

"कशापरीस?"

"आत्ताच्या लोखंडी चकतीपेक्षा."

"मंग आत्ताच्या चकतीला काय झालंय?"

मी चाकं काढली. चकत्या निळसर पडलेल्या, पण सरळ. पॅड करपलेले. ब्रेकचं तेल काढलं तर काळं, चहाच्या गाळासारखं. ते उकळून गेलं होतं, म्हणूनच पेडल मऊ पडलं. एवढं मी ओळखलं. पण नगर ते करंजी घाटमाथा सगळा सपाट रस्ता, तिसऱ्या वळणालाच तेल उकळावं इतकं तापलं कसं, ते शोधायला मी पुन्हा चाकाशी वाकलो.

सर तोवर ताईंच्या पायांकडे बघत होते. "बाळ, गाडी शिकलीस कशावर?"

"ट्रॅक्टरवर. अण्णांनी शिकवलं."

"हां," सर म्हणाले आणि पेपरची घडी घातली.

नवं तेल भरून, नवे पॅड टाकून आम्ही दुसऱ्या दिवशी पाथर्डी रोडला निघालो. ताईंनी सरांसाठी शेजारचं दार उघडलं. सरांनी हात जोडले. "तू हो म्होरं. पन्नासच्या वर जाऊ नको. आमी मागनं येतो." मागनं म्हणजे माझ्या मोटारसायकलवर. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्यावर माझ्या बायकोचं गुलाबी हेल्मेट, पुढे लाल स्पोर्ट्स कार. भिंगारमध्ये लोकांनी थांबून बघितलं.

चांदबिबीच्या महालाखालून गेल्यावर रस्ता मोकळा झाला. सरांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं. "दिवा बघ."

"कुठला?"

"लाल."

गाडीचे मागचे ब्रेकचे दिवे लागलेले होते. समोर वाहन नाही, वळण नाही, खड्डा नाही. दिवे विझले. परत लागले. परत विझले, आणि मग लागले ते लागलेच, गाडी आपली पन्नासनं पळतेय. मी म्हणालो, "सर, स्विच खराब दिसतोय."

माझ्या हेल्मेटवर मागून एक सणसणीत टपली बसली. "पाय खराब हाय, मूर्खा. स्विच न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या गाडीला क्लच नाही. दोनच पेडल, आणि ब्रेकचं चांगलं रुंद. ताईंचा डावा पाय ट्रॅक्टरवर शिकलेला. तो आपला क्लच शोधत जायचा, ब्रेकवर टेकायचा आणि तिथंच विसावायचा. आधीच्या सगळ्या गाड्यांना क्लच होता, म्हणून कधी कळलं नाही. पस्तीस किलोमीटर ब्रेक घासत घासत गाडी घाटावर यायची, तोवर ब्रेकचा दम संपलेला. मी चाकं उघडली, तेल पाहिलं, चकत्या पाहिल्या. पाय पाहिला नाही. वीस माणसांसमोर ट्रॅक्टरच्या किमतीचा सल्ला दिला तो दिला.

घाटमाथ्यावर थांबलो. सरांनी ताईंना सांगितलं. ताईंचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला.

"म्हणजे तुम्हीपण तेच म्हणताय ना सर? बाईला गाडी येत नाही."

मला वाटलं, झालं, आता या इथूनच निघून जाणार. सर मात्र रागावले नाहीत. गुलाबी हेल्मेट काढून हातात धरलं.

"पोरी, पेडल तळाला गेल्यावर तू गाडी मुरमात घातलीस. शंभरात दोघांना सुचतं ते. ह्या माझ्या शिष्याला सुचलं नसतं." माझ्याकडे बोट. "गाडी तुला येती. उजवा पाय तुझा हाय. डावा मातूर अजून ट्रॅक्टरचाच हाय."

ताईंनी एकदा घाटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग सिरॅमिक?"

"लई गुनाची चीज," सर म्हणाले. मला नवल वाटलं, त्यांनी त्यावर सगळं वाचून ठेवलं होतं. "हलकं हाय, तापलं तरी डगमगत न्हाई. शर्यतीच्या मैदानात फेऱ्यावर फेऱ्या मारनाऱ्यानं घ्यावंच. तुला हौस असंल तर तूबी घे, तुझी कमाई हाय. पन पाय असाच ऱ्हायला तर चकती टिकंल आन् आतलं तेल पुन्ना उकळंल. आन् आपल्या रस्त्याची खडी उडून टवका गेला तर अख्खी चकती बदल. मी अण्णांच्या जागी असतो तर मला भारी ब्रेक नको हुता. मला तुझा डावा पाय पायजे हुता."

त्या दिवशी सरांनी काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडा कापून गाडीत डावीकडे, जिथं पाय नुसता ठेवायची जागा असते, तिथं घट्ट चिकटवला. ताईंना डाव्या पायातली चप्पल काढायला लावली. "काथ्या टोचंल. टोचला की समज पाय घरी हाय. पायाला घर नसलं की तो गावभर हिंडतो." दहा दिवस ताई नर्सरीच्या रस्त्यावर तसा सराव करत होत्या. त्यांचा एक माणूस मोटारसायकलवर मागे, दिवा लागला की हॉर्न वाजवायला. हॉर्न आधी दिवसभर वाजायचा, मग तासातासानं, मग वाजेनासा झाला.

राहिले अण्णा. सर म्हणाले, त्यांच्याशी मी बोलतो. मी त्यांना घेऊन ताईंच्या गावी गेलो. अण्णा ओट्यावर बसलेले, धिप्पाड माणूस, हाताची घडी. आम्ही काय बोलायला आलोय ते त्यांना माहीत होतं आणि नाही म्हणायचं हे ठरलेलं होतं.

सर म्हणाले, "अण्णा, चूक तुमची हाय."

"माझी?"

"पोरीला ट्रॅक्टर शिकवताना डाव्या पायाचं काय सांगितलं हुतं?"

दारात उभ्या ताईच बोलल्या, "क्लचवरनं पाय हलवायचा न्हाई."

"मंग?" अण्णांचा आवाज चढला. "मागं उसाची ट्रॉली असायची भरल्याली. पोरगी लहान. चढाला गाडी मागं आली असती तर? वरडायचो मी. पाय हलला की वरडायचो." आणि बोलता बोलता थांबले. ताईंच्या पायांकडे बघायला लागले. म्हणाले, "व्हय. मीच शिकवलंय."

"चांगलंच शिकवलं. इतकं पक्कं की पंधरा वर्सांत मोडलं न्हाई," सर म्हणाले. "आता ह्ये बी तुमीच शिकवा. शेजारी बसून."

अण्णांनी माझ्याकडे मान वळवली. "आन् ब्रेक? ब्रेक कुनी केल्यात?"

"ह्यानं. माझा इद्यार्थी हाय. तेल उकळलंय हे ह्यानंच हुडकलं. ह्यानं केलेल्या ब्रेकवर मी माझ्या नातीला बसवीन, घाटात."

वीस वर्षांत सरांनी माझ्या कामाला चांगलं म्हटलेलं ते एवढंच. मला माझी सर्टिफिकेटं कुठे आहेत तेही आठवत नाही, पण हे वाक्य कुठल्या ओट्यावर, कुठल्या बाजूला बसून ऐकलं ते पक्कं आठवतं. परत येताना मी मोटारसायकल दोनदा थांबवून डोळे पुसले. सरांनी विचारलं, "डोळ्यात काय गेलं?" मी म्हणालो, "माती."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाखाली करंजीत, एका चहाच्या टपरीपाशी मी आणि सर उभे होतो. माझ्या हातात चकतीची उष्णता मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र. वर घाटमाथ्यावरून ताई आणि अण्णा निघालेले. आत काय चाललं होतं ते ताईंनी नंतर सांगितलं. अण्णा एका हातानं दाराची मूठ धरून, पहिल्या वळणापासून सारखे एकच म्हणत होते, "डावा पाय. पोरी, डावा पाय. मागं घे. डावा पाय." तिसरं वळण आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले, पण तोंड चालूच.

लाल गाडी शेवटच्या वळणातून दिसली आणि शांतपणे उतरत आमच्यापुढे येऊन थांबली. रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवर, बरोब्बर. मी चारही चाकांपाशी यंत्र धरलं. चकत्या तापल्या होत्या, घाट उतरल्यावर तापायलाच हव्यात तेवढ्याच. सरांना आकडा दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि पुढं होऊन अण्णांच्या बाजूचं दार उघडलं. इतक्या बुटक्या गाडीतून उठून उतरणं अण्णांच्या वयात सोपं नव्हतं, म्हणून हातही पुढं केला.

अण्णांनी हात धरला नाही. दार त्यांनीच आतून ओढून घेतलं. काच खाली केली, सरांना म्हणाले, "मास्तर, जरा बाजूला व्हा." मग पोरीकडे वळले. दाराच्या मुठीवरचा हात त्यांनी काढला होता, दोन्ही हात मांडीवर होते.

"वळव गाडी. पुन्ना वरनं आनू," अण्णा म्हणाले. "ह्या खेपंला मी बोलनार न्हाई. तू आन."